रास एकदाच मोजतात

परदेशी माणसांवर माझा राग नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्या जर्मन इंजिनियरला आणि त्याच्या बाईला आमच्या मांजर्लीच्या खळ्यावर काय बघायला नेलंय, हे कुणी धड सांगितलंच नव्हतं. माझा राग आहे तो आमच्या हेडक्लार्कवर. इतकी वर्षं झाली, माणसं गेली, कारखान्याच्या भिंतीला चार वेळा रंग लागला, पण तो राग काही उतरला नाही. उतरावा असं मला वाटतही नाही.

अंबरनाथच्या त्या कारखान्यात मी कारकून म्हणून लागलो तेव्हा बदलापूर गावातल्या आमच्या कुणबी आळीत मी एकटाच बी.ए. होतो. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. खरं तर बढाई म्हणूनच सांगतो, आणि का सांगू नये? आमच्या घरात माझ्याआधी कुणाला स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं. आबा, म्हणजे माझे वडील, अंगठा लावायचे, आणि तो अंगठा कशावर लावला हे त्यांना दुसऱ्या कुणीतरी सांगायचं. मी शिकलो ते बऱ्याच अंशी त्याच रागातून.

हेडक्लार्कला माझं बी.ए. होणं फार खुपायचं. तो स्वतः मॅट्रिक. पण घराणं मोठं, तळकोकणात जमीन मोठी, आणि 'आमच्याकडे खंडीनं भात यायचं हो' हे वाक्य दिवसातून एकदा तरी त्याच्या तोंडून पडायचंच. यायचं! जसं काही भात आपल्या पायानं चालत यायचं आणि ओसरीवर बसून पाणी मागायचं. माझी नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती. मला कायम करायचा कागद त्याच्या टेबलावर होता आणि त्यावर त्याचा शेरा पडायचा होता. तो शेरा पडल्याशिवाय वरचे साहेब सही करत नसत.

त्या साली कार्तिकात मी रजा मागितली. कारण लिहिलं: घरची मळणी.

कारण साधं होतं, पण आमच्या घरी ते साधं नव्हतं. गावालगतच्या मांजर्लीची नदीकाठची जमीन आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कसत होतो ती कूळ म्हणून. रास झाली की मालकाचा वाटा आधी निघायचा आणि मग राहील ते आमचं. कूळकायदा आला, खटपटी झाल्या, खेटे झाले, आणि त्या वर्षी पहिल्यांदा अख्खी रास आमची होती. आबांनी आषाढापासून एकच धोशा लावला होता. "यंदा माप मी घालनार. माझ्या हातानं, रीतीनं, नि एकदा." बाकी त्यांना काही नको होतं. नवं धोतर नको, घराला कौलं नकोत. रास रीतीनं मोजली जावी, एवढंच.

रजेचा अर्ज हेडक्लार्कनं वाचला आणि त्याचे डोळेच चमकले. झालं असं होतं, की नवीन यंत्रं बसवायला आलेल्या त्या जर्मन साहेबानं कधीतरी चहाच्या वेळी विचारलं होतं, तुमच्याकडे सुगीचा सण कसा करतात, आम्हाला बघता येईल का? आणि आमचा हा शूरवीर 'हो हो, अगदी अवश्य' म्हणून बसला होता. अंबरनाथच्या चाळीत कुठून आणणार सुगी?

"अहो, देवच पावला!" तो म्हणाला. "तुमच्या खळ्यावरच करू. रविवारी. सगळा स्टाफ येईल, साहेब येतील, मॅडम येतील. झकास कार्यक्रम होईल."

"वडिलांना विचारावं लागेल," मी म्हटलं.

"त्यांना काय विचारायचं त्यात? साहेब येतायत म्हटल्यावर धन्य होतील ते."

मी तरीही विचारलं. आबा विळ्याला धार लावत होते. मान वर न करता म्हणाले, "येवू दे. खल्यावर आलेल्याला कोन नको बोलतं का? पन दोन गोष्टी सांग त्यांना. पायताना खल्याच्या भायेर. नि मी मापाला बसलो का नारल फुटस्तोवर कोनी तोंड उघडाचा नाय."

खळ्याला आमच्याकडे खला म्हणतात. माप घालणाऱ्यानं फक्त मापाचा आकडा बोलायचा, बाकी कुणी ब्र काढायचा नाही. शेवटी राशीत मूठ-ओंजळ भात राखून ठेवायचं, रास पुसून न्यायची नाही, मग नारळ फोडायचा आणि मग तोंडं मोकळी. ही रीत कुणी लिहून ठेवलेली नाही, पण मोडलेलीही मी कधी पाहिली नव्हती.

दोन्ही गोष्टी मी हेडक्लार्कला सांगितल्या. एकदा नाही, तीनदा सांगितल्या.

"हो हो, बघू," तो म्हणाला. "आणि हे पाहा, कोंबडं वगैरे नका हं कापू साहेबांसमोर. आपल्या संस्कृतीबद्दल काय मत होईल त्यांचं?"

शेताच्या राखणदार देवाला कोंबडा द्यायची आमची रीत. मी म्हटलं, "साहेब रोज दुपारी काय खातात ते मेसच्या आचाऱ्याला विचारा एकदा."

ऑफिसात दोघं-तिघं हसले. हेडक्लार्क हसला नाही.

आमच्या शेजारच्या टेबलावर एक सिंधी टायपिस्ट होता, उल्हासनगरच्या कॅम्पातल्या बराकीत राहायचा. फाळणीत सगळं सोडून आलेला, पण जिभेवर सदा मिश्कीलपणा. तो यंत्रावरून मान न उचलता मला म्हणाला, "साईं, ये खेती नहीं है, ये शादी है. और दूल्हे का बाप वो है."

खरंच लग्नाचीच तयारी केली त्यानं. कॅम्पातून खुर्च्या भाड्यानं आल्या. कुणाच्या तरी घरचा कलश आला, ऊस आले, झेंडूच्या माळा आल्या, स्टाफच्या बायका नऊवारी नेसून नथा घालून आल्या. रविवारी सकाळी हे सगळं लटांबर मांजर्लीला उतरलं तेव्हा आई खळ्याच्या कडेला मांडलेल्या चुलीपाशी बसली होती. तिनं एकदा सगळीकडे बघितलं आणि मला विचारलं, "कोनाचा लगीन हाय रं?"

"आपलाच," मी म्हटलं.

आमचं खळं त्या दिवशी बघण्यासारखं होतं, हे मी म्हणतो म्हणून नाही. आईनं आणि चुलतीनं दोन वेळा शेणानं सारवलं होतं, इतकं गुळगुळीत की कणी सांडली तरी वेचता यावी. मधोमध तिवडा, म्हणजे मळणीचे बैल ज्याभोवती फिरतात तो खांब. मळणी आदल्या दिवशीच झाली होती, भात वारवून साफ केलेलं होतं, आणि तिवड्याच्या पायाशी रास घातली होती. पिवळी, उंच, टोकदार. आबा सकाळी नदीवर अंघोळ करून आले, धुतलेलं धोतर नेसले, आईनं नीळ घालून धुतलेली पांढरी टोपी डोक्यावर ठेवली आणि राशीशेजारी उभे राहिले. मी त्यांना असं उभं राहिलेलं आधी कधी बघितलं नव्हतं. आपल्या राशीशेजारी माणूस कसा उभा राहतो, ते मलाही तेव्हाच कळलं.

हेडक्लार्क आला, त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बाबा, ह्या टोपीत तुम्ही शेतकरी वाटत नाही हो. हा घ्या, हा बांधा."

त्याच्या हातात गुलाबी फेटा होता. नाटकातल्यासारखा, कडेला जर असलेला.

आबांनी फेटा घेतला. दोन्ही हातांनी चाचपून बघितला. मग तिवड्यापाशी गेले, तो फेटा खांबाला दोन वेढे देऊन बांधला, घट्ट गाठ मारली आणि परत येऊन उभे राहिले. डोक्यावर पांढरी टोपी तशीच.

मला वाटलं, आता ह्याला कळेल. कसलं कळतंय! तेवढ्यात कारखान्याची गाडी येऊन थांबली होती, साहेब आणि बाई उतरत होते, आणि हा लगबगीनं पुढं जाऊन इंग्रजीत सांगायला लागला: हा स्तंभ म्हणजे शिवाचं लिंग, सुगीच्या दिवशी शेतकरी त्याला पागोटं बांधून त्याचा मान करतो, ही फार प्राचीन परंपरा आहे. बाई "ओ, वंडरफुल" म्हणाली. टायपिस्ट माझ्या बाजूला उभा होता. त्यानं तोंडावर रुमाल धरला.

मी पुढं झालो. म्हटलं, सर, तो फक्त बैल बांधायचा खांब आहे. हेडक्लार्कनं माझ्या दंडाला धरून मला हळूच मागं ओढलं. "तुम्ही जेवणाकडे बघा," तो म्हणाला. "साहेबांशी मी बोलतो."

त्या खळ्यावर दोन्ही भाषा नीट येणारा मी एकटा होतो. आबांचं बोलणं हेडक्लार्कला अर्धंमुर्धं कळायचं, साहेबाचं आबांना मुळीच कळत नव्हतं, आणि मला म्हणे जेवणाकडे बघा.

साहेबानं आबांचे अनवाणी पाय बघितले, खळ्याचं सारवण बघितलं, आणि बूट काढायला वाकला. तेवढ्यात हेडक्लार्क म्हणाला, नो नो सर, ते फक्त त्यांच्यापुरतं आहे, आपल्याला चालतं. 'आपल्याला'! साहेब बूट घालून खळ्यावर चढला, बाई टाचांच्या चपला घालून चढली, मागून सगळा स्टाफ चढला. सारवणावर टाचांची भोकं पडली. बूट काढले फक्त टायपिस्टानं. ते हातात धरून तो एका कडेला उभा राहिला. मला म्हणाला, "हमारे यहाँ भी ढेर पर जूता नहीं ले जाते थे, साईं. अब न वो ढेर रहा, न वो 'यहाँ'."

कॅम्पाच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. राशीपासून हातभर अंतरावर. आबांनी माझ्याकडे बघितलं. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी मान हलवली. राहू दे. पाहुणे आहेत.

मग ते मापाला बसले. पूर्वेला तोंड केलं, राशीला हात जोडले, पायली भरली, हातानं वरचं सपाट केलं आणि म्हणाले, "लाभ."

पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत. एक म्हटलं की मोजायला लागलो असं होतं. लाभ म्हटलं की घरात आलं असं होतं. चुलत्यानं पोत्याचं तोंड धरलं होतं, त्यात पायली उपडी झाली. मग दोन, मग तीन. आबांचा आवाज सपाट होता, पण प्रत्येक आकड्यानंतर ते जरासे थांबत. मला ठाऊक होतं का थांबत. आधीच्या सगळ्या वर्षी तिथं मालकाचा कारभारी बसायचा आणि आकडा तो बोलायचा. आपला आकडा आपण बोलतोय, ह्याची सवय त्यांच्या जिभेला नव्हती.

आणि हेडक्लार्क बोलत होता. सारा वेळ बोलत होता. चारदा मी ओठांवर बोट ठेवून त्याच्याकडे बघितलं. तो मला हातानं 'थांबा, थांबा' करायचा आणि साहेबाच्या कानाशी लागून पुढं चालू. बायका आपसांत कुजबुजत होत्या, कुणीतरी ऊस सोलायला घेतला होता. बाईच्या हातात लहानसा सिनेमाचा कॅमेरा होता, किल्ली देऊन फिरणारा. ती तो डोळ्याला लावून आबांच्या समोरून, बाजूनं, राशीला वळसा घालून फिरत होती. घर्रर्र, घर्रर्र. आबांनी एकदाही वर बघितलं नाही.

शेवटचं पोतं शिवलं गेलं. राशीच्या जागी ओंजळभर भात राहिलं. आबांनी त्यावर पायली उपडी ठेवली. आता नारळ तेवढा फोडायचा होता. आई खोपीतून नारळ आणायला उठली.

तेवढ्यात बाईनं कॅमेरा खाली घेतला, उलटा करून बघितला आणि किंचाळलीच. भिंगावरचं झाकण तिनं काढलंच नव्हतं. एवढा वेळ ती अंधाराचं चित्र घेत होती. ती स्वतःवरच खूप हसली, साहेबही हसला. मग ती हेडक्लार्कला म्हणाली, त्यांना थोडंसं पुन्हा करता येईल का? अगदी थोडंसं?

बाईला माहीत नव्हतं. हे मी पुन्हा सांगतो. तिच्या जागी मी जर्मनीत असतो तर मीही असंच विचारलं असतं.

हेडक्लार्क म्हणाला, "थोडंसं कशाला मॅडम, पूर्ण करू!" आणि आबांकडे वळून मोठ्यानं, जसं बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं, म्हणाला, "बाबा, भात परत ओता राशीवर. पुन्हा मोजा."

पुन्हा मोज.

हेच शब्द. मालकाचा कारभारी हेच म्हणायचा. रास मोजून झाली, पोती भरली, की तो विडीचं थोटूक टाकून म्हणायचा, कमी भरतंय रे, ओत परत, पुन्हा मोज. आणि आबा पोती सोडून भात राशीवर ओतायचे. दुसऱ्यांदा मोजायचे. कधी तिसऱ्यांदा. भात तेवढंच असायचं. त्याला फक्त बघायचं असायचं, ओततोय की नाही. मी लहानपणी हे बघितलंय. भरलेलं पोतं परत रिकामं करताना आबांची पाठ कशी दिसायची ते मी बघितलंय. कूळकायदा म्हणजे काय ते मला पुस्तकातून कळलं. आबांना कायद्याचा अर्थ एवढाच होता की आता 'पुन्हा मोज' म्हणणारं कुणी नाही.

आबा हलले नाहीत. बोललेही नाहीत, कारण नारळ फुटलेला नव्हता.

"त्यांना कळत नाहीये," हेडक्लार्क मला म्हणाला. "अहो, तुम्ही सांगा तुमच्या वडिलांना. साहेब खोळंबलेत." आणि मग आवाज खाली आणून, "तुमचा कागद माझ्या टेबलावर आहे, लक्षात आहे ना?"

माझ्या लक्षात होतं. माझ्या सगळं लक्षात होतं. मी त्याच्याशी बोललोच नाही. मी साहेबासमोर गेलो आणि इंग्रजीत म्हटलं: सर, हे नाटक नाही. ही माझ्या वडिलांची रास आहे, ह्या वर्षी पहिल्यांदा त्यांची आहे, आणि रास एकदाच मोजतात. ज्यांनी त्यांना पुन्हा मोजायला लावलं ते त्यांचे मालक होते. ह्यांनी तुम्हाला काय सांगितलं मला माहीत नाही, पण बहुतेक सगळं खोटं सांगितलंय. तो खांब बैलांचा आहे. आणि तुम्ही बूट काढत होता तेच बरोबर होतं.

साहेबाचा चेहरा लाल झाला. बाईनं हात तोंडावर नेला. साहेब काहीतरी म्हणाला, सॉरीसारखं, पण तेवढ्यात हेडक्लार्क मध्ये घुसला: सर, ह्यांचे वडील थकलेत, पोराला त्यांची काळजी वाटते, आपण निघू या, अंबरनाथला चहाची सोय केलीय. त्यानं त्या दोघांना जवळजवळ ढकलतच गाडीपर्यंत नेलं. स्टाफ मागोमाग. बायकांनी कलश उचलला, ऊस उचलले. कुणी जेवायला थांबलं नाही.

खळ्यावर रिकाम्या खुर्च्या राहिल्या, आणि आबांनी नारळ फोडला.

आईनं रश्श्याचं भांडं उतरवलं. माणसं आम्ही घरचीच, आणि एक टायपिस्ट. तो पुन्हा पुन्हा वाढून घेत होता. "साईं," तो मला म्हणाला, "तुमने आज दो नौकरियाँ खतरे में डालीं. एक तुम्हारी, और एक मेरी, क्योंकि मैं खाने बैठ गया." आई हसली. मी हसलो. आबा हसले नाहीत.

तो गेल्यावर त्यांनी मला बोलावलं.

"तू का बोल्लास?"

"आबा, तो तुम्हाला—"

"तो माझ्या वतीनं सायबाशी बोलत व्हता. तू बी माझ्या वतीनं सायबाशी बोल्लास. खला कोनाचा? मी काय मुका हाय?"

"तुम्ही बोलू शकत नव्हता. नारळ फुटला नव्हता."

"मंग फुटल्यावर बोल्लो असतो! तेवढा दम नव्हता तुला? तुझ्या आईनं नारल आनला व्हता. फोडला असता, नि त्याच्या तोंडावर बोल्लो असतो. त्या भाषेत बोल्लास, मला काय कलला काय बोल्लास ते? सायेब पलाला. मानूस उपाशी गेला माझ्या खल्यावरून."

मी त्यांना सांगितलं काय बोललो ते. शब्दन्‌शब्द सांगितला. ते ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "चांगला बोल्लास. पन माझा बोलना तू बोल्लास."

मला ते तेव्हा पटलं नाही आणि आजही पुरतं पटलेलं नाही. त्या क्षणी गप्प बसणं म्हणजे हेडक्लार्कला हवं तसं होऊ देणं होतं, असं मी अजून म्हणतो. आमचं त्यावरून वाजलं. चांगलंच वाजलं. मी म्हटलं, तुमच्यासाठी मी नोकरी पणाला लावली. ते म्हणाले, मी सांगितली व्हती का लावाला? आई मध्ये पडून म्हणाली, दोघं बी आता गप बसा, नायतर भात मी पुन्हा ओतीन राशीवर. तेव्हा कुठं थांबलो.

सोमवारी हेडक्लार्कनं मला टेबलापाशी उभं केलं. खुर्ची दिली नाही. म्हणाला, मॅडमनी नवीन फिल्म आणलीय. येत्या रविवारी कारखान्याच्या मैदानात कार्यक्रम परत होईल. भात कॅम्पातल्या व्यापाऱ्याकडून आणू, खांब सुतार रोवून देईल, खळंसुद्धा सारवून घेऊ. "तुमच्या वडिलांना घेऊन या. फेट्यासकट. झाल्या प्रकाराची भरपाई म्हणून. मग मी तुमच्या कागदावर शेरा मारतो."

माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं, अगदी सोलून काढणारं. पण आदल्या दिवशीचं भांडण डोक्यात होतं. मी म्हटलं, "वडिलांना विचारतो."

"विचारायचं काय त्यात?"

"त्यांचं बोलणं तेच बोलतील," मी म्हटलं.

घरी जाऊन मी आबांना निरोप जसाच्या तसा दिला. पदरचा एक शब्द घातला नाही, गाळला नाही. फेट्याचंसुद्धा सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. मग आईला म्हणाले, "माझी टोपी धुवून ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं रुळाच्या कडेनं चालत अंबरनाथला गेलो. कारखान्याच्या फाटकाशी पहारेकऱ्यानं आबांना अडवलं. आत जायचा आग्रह त्यांनी धरला नाही. मला म्हणाले, "त्याला भायेर बोलाव."

हेडक्लार्क बाहेर आला. त्याला वाटलं काम झालं. चेहरा हसरा, हात पुढं. "या बाबा, या! म्हटलं नव्हतं मी, वडील समजूतदार आहेत म्हणून?" कामाला जाणारी माणसं फाटकातून आत शिरत होती, त्यांतली काही थांबली. टायपिस्टही थांबला.

आबा बोलले ते मराठीत, आमच्या बोलीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आवाज चढवला नाही.

"मी माप पुन्हा घालनार नाय. माझा भात बी नाय, नि तुझा इकत आनलेला भात बी नाय. तुझ्या सायबाला नि त्याच्या बायकोला सांग, उपाशी गेले ते बरा नाय झाला. घरी जेवाला येवू दे, कवा बी येवू दे. पन तू नको येऊ."

तू. माझ्या वडिलांनी उभ्या आयुष्यात धोतराची निरी पायापर्यंत सोडणाऱ्या बड्या घरच्या माणसाला 'तू' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

हेडक्लार्कचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला माणूस निघून गेला. तो माझ्याकडे वळला. "हे काय बोलतायत हो तुमचे वडील? मी कोण आहे ते सांगा त्यांना."

"त्यांना मराठी कळतं," मी म्हटलं. "तुम्हीच सांगा."

आबांनी मला विचारलं, "ह्याच्या हातात तुझा काय हाय?"

"नोकरी कायम करायचा कागद."

"मंग ठेवू दे त्याला," आबा म्हणाले, आणि पाठ फिरवून बदलापूरच्या वाटेला लागले. पोती अजून खळ्यावर होती, ती घरी न्यायची होती.

रविवारी मैदानात तमाशा झालाच. एका शिपायाला गुलाबी फेटा बांधून बसवलं. त्यानं पहिल्या मापाला 'एक' म्हटलं, असं टायपिस्टानं मला सांगितलं, आणि म्हणाला, "साईं, तालियाँ बहुत बजीं." जेवणाचं बोलावणं हेडक्लार्कनं साहेबाला पोचवलं नाही, म्हणून ते मीच पोचवलं. साहेबानं माझा हात हातात घेऊन आभार मानले, येतो म्हणाला. तो यायच्या आत त्याचं काम संपलं आणि तो आपल्या देशाला गेला. त्याला मी दोष देत नाही.

मला कायम केलं नाही. 'कामाची गरज उरलेली नाही' असं लिहून आलं. माझ्या जागी पुढल्याच आठवड्यात दुसरा माणूस बसला, मॅट्रिक, हेडक्लार्कच्या नात्यातला. मी कल्याणला शाळेत मास्तर झालो, पण मधले कितीतरी महिने घरी बसून काढले. बी.ए. होऊन आईच्या हातचं खाणं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल.

भात मात्र घरात होतं, सगळंच्या सगळं. त्या महिन्यांत आम्ही तेच खाल्लं. आई वाढायला बसली की पहिली मूद ताटात टाकताना हेडक्लार्कला एक शिवी घालायची, रोज नवी. मी तिला कधी थांबवलं नाही. आबाही थांबवायचे नाहीत; उलट एखादी शिवी फार जमली, की ताट पुढं सरकवून म्हणायचे, "अजून वाढ."